साहेबाच्या हॉटेलातला मागचा जिना

लग्नाआधी जोडप्याचे फोटो काढायची टूम आमच्या सांगलीकडं आली, तेव्हा मला वाटलं होतं हे खूळ दोन वर्षांत विरेल. विरलं नाही. नवऱ्या नटवायच्या माझ्या कामात आता लग्नाच्या दिवसाइतकीच त्या फोटोंची धावपळ असते. नदीचे घाट झाले, किल्ले झाले, तुरे आले की उसाची रानं झाली. ज्याला त्याला दुसऱ्या कुणी काढले नाहीत असे फोटो हवे असतात. अशाच एका थंडीत एक मुलगा आला, त्याला पडकं हॉटेल हवं होतं.

पाचगणीच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून बरंच आत, इंग्रजांच्या वेळचं एक हॉटेल आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण वारसदारांचं भांडण अजून कोर्टात आहे. आसपासची माणसं त्याला साहेबाचं हॉटेल म्हणतात. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढं लांबच लांब व्हरांडा आणि आवारात सिल्व्हर ओकची उंच झाडं. आधी तिथं साहेब आणि संस्थानिक उतरायचे, मग मुंबईचे व्यापारी, मग बोर्डिंगात ठेवलेल्या पोरांना भेटायला आलेले आईबाप. पुढं पुढं कुणीच येईना. आता एक रखवालदार तेवढा असतो. त्याच्याशी बोलणं मुलानंच केलं होतं.

आम्ही चौघं होतो. मुलगा सांगलीचा, घरचं शेतीच्या औजारांचं मोठं दुकान. मुलगी फलटणजवळच्या खेड्यातली, फार्मसी शिकलेली. तिचे वडील सैन्यातून निवृत्त होऊन ऊस करत होते. फोटोवाला माझ्या नेहमीच्या ओळखीचा, मला ताई म्हणणारा, तिशीच्या आतबाहेरचा. आणि मी. रखवालदारानं आम्हांला आत घेतलं, फाटकाला आतून कुलूप घातलं आणि म्हणाला, "आवं ताई, उघडं ठेवलं की पर्यटक घुसत्यात. मी जेवून येतो खालच्या वाडीतनं. तवर तुमचं चालू द्या." छोट्या दरवाजातून तो बाहेर पडला आणि त्यालाही त्यानं बाहेरून कडी-कुलूप लावलं. त्या वेळी त्यात वावगं काही वाटलं नाही.

नटायला वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली, कारण तिथं भिंतीत बसवलेला आरसा अजून शाबूत होता. पारा उडालेला, पण तोंड दिसायचं. मी मुलीचे केस करत होते तेव्हा ती आरशात न बघता खिडकीकडं बघत होती. "सकाळपासून काही खाल्लंस का?" मी विचारलं. तिनं नकाराची मान हलवली. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून मी दशम्या आणि चटणी बांधून आणली होती. त्यातली अर्धी दशमी तिच्या हातात दिली. ती दोन घास खाते तोवर मुलगा दारात आला.

"फोटो काढायच्या आधी खायचं असतंय होय? पोट दिसतं." हसतच म्हणाला तो. तिनं उरलेला घास कागदात गुंडाळला.

तिचा फोनही त्याच्याकडंच होता. फोटोसाठी घातलेल्या लांब झग्याला खिसा नाही म्हणून त्यानं ठेवून घेतला होता. तो वाजला की तो आधी बघायचा कुणाचा आहे, आणि मग खिशात टाकायचा. तिच्या हातात एकदाही दिला नाही.

उजेड होता तोवर व्हरांड्यातले, झाडांतले फोटो झाले. दिवस बुडाला तसं धुकं वर चढलं आणि आम्ही आत गेलो. खाली मधोमध नाचाचा मोठा हॉल होता. फरशीवर वटवाघळांची घाण, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग, आणि वर तीन बाजूंनी वाजंत्र्यांसाठी केलेला लाकडी सज्जा. फोटोवाल्यानं बॅटरीवरचे दोन दिवे उभे केले. दिव्यांचा उजेड पडला तेवढंच हॉटेल आहे असं वाटायचं, बाकी सगळीकडं काळोख. वर पत्र्याखाली काहीतरी सतत खसखसत होतं.

मुलाच्या मनात आलं, तिनं सज्ज्याच्या कठड्यावर बसावं आणि झगा खाली लोंबता सोडावा. फोटोवाला म्हणाला, "नको. लाकूड जुनं आहे."

"मी धरतो की तिला."

"मला भीती वाटते," मुलगी म्हणाली. एवढंच. आवाज वर गेला नाही.

त्यानं तिला कोपराच्या वर धरलं आणि उचलून कठड्यावर बसवलं. मी शेजारीच उभी होते, झगा सावरायला. कठड्यातून कड् असा आवाज आला, एक दांडा सुटला आणि खाली फरशीवर आपटला. सगळा हॉल घुमला. वटवाघळं उठली. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि मागं ओढलं. आम्ही दोघी सज्ज्यावर बसकण मारून पडलो. तिचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं.

मुलगा हसत होता. "पडली का? नाही ना? मग? फोटोत आलं का रे तोंड तिचं?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मुलगा तिच्याजवळ वाकला आणि कानात काहीतरी बोलला. ते मला ऐकू आलं नाही. पण मी रोज बायकांची तोंडं हातात धरते. रंगाखालचा चेहरा कधी उतरतो ते मला कळतं.

शेवटचे फोटो नऊवारीतले घ्यायचे होते. मी तिला वरच्या खोलीत नेलं. दारं ओढून घेतली तशी ती म्हणाली, "ताई, माझ्या पिनांची डबी गाडीत राहिली. आणता का?"

पिना माझ्याजवळ ढिगानं होत्या. पण तिला क्षणभर एकटं बसायचं असेल, असं मला वाटलं. मी मोबाइलचा दिवा लावून खाली गेले, गाडीत डबी शोधली, सापडली नाही, परत आले. खोली रिकामी होती. झगा घडी घालून खुर्चीवर ठेवलेला. नऊवारी तशीच पिशवीत. तिचे घरून घालून आलेले कपडे, चपला आणि झोळी मात्र जाग्यावर नव्हती.

तेव्हा मला सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण ही फिरायला गेलेली नाही, निघून गेली आहे, एवढं कळलं. पुढच्या जिन्यानं गेली असती तर नाचाच्या हॉलमध्ये उतरली असती, आणि तिथं दोघं उभे होते. मी खाली गेले आणि म्हणाले, "अजून वेळ लागेल. साडी नेसवायचीय."

थोडा वेळ गेला. मी सज्ज्याखालीच घुटमळत राहिलेली बघून मुलाला शंका आली. "नेसवायचीय तर तुम्ही इथं काय करताय, मॅडम?" असं म्हणून तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. वरून त्याची हाक आली, मग दारं आपटल्याचे आवाज. खाली आला तेव्हा त्याचं कपाळ घामानं चमकत होतं, एवढ्या थंडीत.

"तिला असली नाटकं लय येतात," तो म्हणाला. फोटोवाला घाबरून म्हणाला, "बाहेर गेली असेल तर? दरी आहे मागं."

"फाटकाला कुलूप आहे. जाणार कुठं?"

काळजीनं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य येत नाही. त्यानं फोटोवाल्याला व्हरांड्याकडं पाठवलं, स्वतः हॉलच्या पलीकडच्या खोल्या बघायला गेला आणि मला म्हणाला, "तुम्ही इथंच थांबा." मी थांबले नाही.

मी पुन्हा वर गेले. कुणी विचारलंच तर निमित्त असावं म्हणून नऊवारीची पिशवी खांद्याला अडकवली. नटायच्या खोलीपासून एक लांब बोळ मागं जात होता, दोन्ही बाजूंना खोल्या. मोबाइलच्या उजेडात दारांवरचे पितळी आकडे तेवढे चमकायचे. एका खोलीत पलंग होता आणि त्यावर छताचा तुकडा पडलेला. एका न्हाणीघरात पांढरा टब, त्यात वाळकी पानं. माझं माहेर माधवनगरचं. तिथली गिरणी बंद पडल्यावर आम्ही पोरं तिच्या रिकाम्या इमारतीत लपंडाव खेळायचो, आणि वडील ओरडायचे, "जायचंच आसंल तर भिंत धरून जावा, मधनं न्हाई. भिंतीपाशी तुळईचा आधार आस्तोय." मी पाठ भिंतीला घासत, एकेक पाऊल चाचपत गेले. पाऊल जरा मधे पडलं की तक्ते पायाखाली पावासारखे दबायचे.

बोळाच्या शेवटी एक अरुंद दार होतं, अर्धवट उघडं. आत नोकरांचा जिना, वरच्या खोल्यांतून खाली मुदपाकखान्यात उतरणारा. मी थांबले. खालून आवाज येत होता. कुणीतरी दात आवळून श्वास घेत होतं आणि सोडत होतं.

मी दार मागं ओढून घेतलं आणि बसत-बसत उतरले. जिना मध्येच वळत होता. वळणाच्या खाली ती होती. एक पाय पायरीवर दुमडलेला आणि दुसरा पायरीतून आरपार, गुडघ्याच्या वरपर्यंत. कुजकी फळी तिच्या वजनानं फुटली होती. दोन्ही हातांनी तिनं भिंत धरली होती. उजेड तोंडावर पडला तशी तिनं डोळे मिटले आणि मान खाली घातली.

"मी आहे," मी हळू म्हणाले.

तिनं डोळे उघडले. "ताई, दिवा बंद करा."

मी बसले. फळीच्या फुटलेल्या चिरफळ्या खाली वळल्या होत्या आणि त्यांची टोकं तिच्या मांडीत रुतली होती. पाय खाली सहज गेला होता, पण वर ओढला की टोकं आत जायची. सलवार रक्तानं चिकटली होती.

"कधीची बसलीस अशी? हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर तो आला असता."

हे ती इतक्या साध्या आवाजात बोलली, की पुढं मला काही विचारावंसं वाटलं नाही. मी तिच्या मागं पायरीवर बसले आणि तिला छातीशी टेकू दिला. अंग बर्फासारखं गार पडलं होतं. तिनं मग आपण होऊन सांगितलं. तुटक तुटक. साखरपुड्यानंतर एकदा गाडीत त्यानं तिचं बोट पिरगाळलं होतं, मैत्रिणीच्या भावाचा फोन आला म्हणून. दुसऱ्या दिवशी घरी येऊन आईसाठी साडी दिली होती. "सगळ्यांना तो लय आवडतो, ताई. मी सांगायचं ते कुणाला?"

"मघाशी कानात काय बोलला?"

ती सांगणार होती, तेवढ्यात वर तक्ते करकरले.

मी दिवा विझवला. बोळातून तो येत होता. दारं उघडत, बंद करत. "कुठं आहेस गं? बास झाली चेष्टा. ये की. मी काही बोलणार नाही." आवाज एवढा गोड की माझाच विश्वास बसला असता. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. जिन्याचं दार उघडलं. त्याच्या मोबाइलचा उजेड वळणाच्या भिंतीवर येऊन थांबला, आमच्या डोक्याच्या हातभर वर. भिंतीवरची कोळिष्टकं सुद्धा मला एकेक दिसत होती. त्यानं एक पायरी उतरून बघितली. ती कुरकुरली तसा तो मागं सरला.

"ऐकतीयेस ना?" आता आवाज बदलला होता. "तुझ्या बापाला फोन लावू का? सांगू का, पोरगी अंधारात पळून गेली म्हणून?" आम्ही श्वास धरून बसलो. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "लग्न होऊ दे. मग बघतो तुला."

उजेड गेला. पावलं लांब गेली. ती पुटपुटली, "हेच बोलला होता मघाशी."

मला एकटीला तिला सोडवता येणार नव्हतं. मोबाइलवर रेंजची एक काडी होती, जात होती आणि येत होती. मी फोटोवाल्याला लिहिलं, ‘मागच्या स्वयंपाकघरात ये. एकटा. बोलू नको.’ पाठवलं आणि मग मनात आलं, हा मुलाच्या गावचा, त्याच्याच मित्रांच्या लग्नांची कामं करणारा. यानं जाऊन त्यालाच दाखवलं तर? आम्ही दोघी अंधारात वाट बघत बसलो. खालून पावलं आली तेव्हा ती एका माणसाची आहेत की दोघांची, हे ओळखायला मी कान टवकारले.

एकटाच आला होता. तिचा पाय जिन्याखालून लोंबताना त्याच्या दिव्यात दिसला असणार, कारण तो "अरे देवा" म्हणाला आणि लगेच त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी वरून कुजबुजत सगळं सांगितलं. तो काही विचारत बसला नाही. दिव्याच्या लोखंडी स्टँडची नळी घेऊन आला आणि खालून एकेक चिरफळी वाकवून मोडायला लागला. मोडताना होणारा आवाज दाबायला मी नऊवारीची घडी फळीवर धरली. मुलीनं ओढणी दातांत घेतली होती. शेवटची चिरफळी सुटताना तिच्या घशातून एक आवाज निघालाच. आम्ही तिघंही थिजलो. लांब कुठंतरी पत्रा वाजला. पुन्हा शांतता.

पाय वर काढला. मी ओढणी फाडून मांडीला घट्ट बांधली. मुदपाकखान्याचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर धुकं इतकं, की झाडांचे बुंधे जवळ गेल्यावर दिसायचे. सरपण गोळा करणाऱ्या बायकांनी आवाराच्या भिंतीला एका ठिकाणी वाट पाडली होती, ती फोटोवाल्यानं दिवसा पाहिली होती. तिथपर्यंत त्यानं मुलीला पाठीवर घेतलं. भिंतीच्या पलीकडं उतरवून तो म्हणाला, "ताई, ह्या पायवाटेनं रस्ता लागेल. मी परत जातो. मी पण नाही दिसलो तर तो इकडंच येईल."

"तुला काही करेल तो."

"माझं काय करतोय. कॅमेरे तिथं आहेत सगळे. शोधतोय म्हणून हिंडत राहतो."

तो धुक्यात दिसेनासा झाला. आम्ही दोघी निघालो. ती माझ्या गळ्यात हात टाकून एका पायावर उड्या मारत होती आणि दर उडीला "आई" म्हणत होती, अगदी हळू. मागून हॉटेलातून हाका ऐकू येत होत्या. एकदा तिच्या नावानं, एकदा मॅडम म्हणून मला.

रस्त्यावर आलो तर किती वेळ काहीच येईना. मग स्ट्रॉबेरीचे क्रेट भरलेला एक पिकअप आला. नवरा-बायको माल घेऊन वाईला चालले होते. बाईनं रक्त बघितलं आणि काही न विचारता स्वतः मागं क्रेटांत जाऊन बसली. पुढं आम्हांला बसवलं. पसरणीच्या घाटात एक गाडी मागून आली आणि पिकअपच्या आरशात तिचे दिवे पडले. मुलगी खाली वाकून माझ्या मांडीत तोंड लपवून राहिली. गाडी पुढं निघून गेली. ती त्याची नव्हती. तरी घाट उतरेपर्यंत तिनं डोकं वर काढलं नाही.

तिच्या वडिलांचा नंबर तिला पाठ होता. मी फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. मी नवरी नटवणारी, तुमच्या मुलीच्या पायाला लागलंय, आम्ही वाईला दवाखान्यात जातोय, आणि मुलगा आमच्याबरोबर नाही, एवढंच मला सुचलं. पलीकडं गाडीची किल्ली आण म्हणून कुणाला तरी सांगितल्याचं ऐकू आलं. मग, "तिला द्या."

तिनं फोन कानाला लावला आणि "आप्पा" म्हणाली. पुढं तिला बोलता येईना. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "रडू नगं. तू हायस न्हवं? मग झालं. आमी निघालो."

वाईतल्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिरफळ्यांचे बारीक तुकडे चिमट्यानं काढले आणि टाके घातले. टाके पडताना माझा फोन सारखा थरथरत होता. शेवटी उचलला.

"मॅडम, रखवालदार आत्ता कुठं उगवला, फाटक उघडलं. माझी होणारी बायको तुमच्याबरोबर आहे. कुठं आहात तुम्ही?"

"तिच्या वडिलांना विचारा," मी म्हणाले आणि ठेवला. घाट उतरला की वाईच, आणि वाईत दवाखाने असून असून किती? डॉक्टरीणबाईंना मी खरं ते सांगितलं. त्यांनी पुढच्या खोलीतला दिवा मालवला, जाळीच्या दाराला आतून कडी घातली आणि आम्हांला मागच्या खोलीत बसवून चहा दिला. दिवस मावळलेला, म्हणून मी चहा घेतला नाही, पण पेल्याला हात शेकत राहिले. बाहेर कुठलीही गाडी थांबली की आम्ही तिघी दाराकडं बघायचो.

आधी आले ते आईवडील. आई आत येऊन नुसती तिच्या पायापाशी बसली. वडील उंच, ताठ, कानटोपी घातलेले. त्यांनी पट्टी बघितली आणि माझ्याकडं वळले. "तुमी सांगा, ताई. काय झालं?"

"तिलाच विचारा," मी म्हणाले.

ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिनं सांगितलं. गाडीतलं, फोनचं, कठड्याचं, जिन्याचं, त्यानं वरून काय म्हटलं त्याचं. आई मध्येच म्हणाली, "अगं, मला तरी सांगायचंस." वडिलांनी हात वर करून तिला थांबवलं. मुलीचं सांगून झालं. मला वाटलं, आता पत्रिका, पाहुणे, चार लोक काय म्हणतील, हे येणार. मी पुष्कळ घरांत ऐकलंय ते. त्यांनी फक्त कानटोपी काढली आणि मांडीवर धरली.

तेवढ्यात जाळीच्या दारावर थाप पडली. कडी वडिलांनीच काढली. मुलगा आत आला, आणि आल्या आल्या वाकून त्यांच्या पाया पडला. "मामा, थोडी चेष्टा झाली. ही उगंच घाबरली. मी सगळीकडं शोधतोय, जीव टांगणीला लागला माझा."

वडिलांनी हात पुढं केला. "तिचा फोन दे."

"मामा, ऐकून तर घ्या."

"फोन दे."

त्यानं खिशातून काढून दिला. वडिलांनी तो न बघता मागं आईच्या हातात दिला. "आता जा."

"मामा, पत्रिका वाटून झाल्यात. माझ्या घरच्यांना मी काय सांगू?"

"जा म्हणलं न्हवं."

आवाज जराही चढला नव्हता. मुलगा माझ्याकडं बघून म्हणाला, "हे तुम्ही केलंत, मॅडम. लक्षात ठेवीन." मग तो गेला. त्याची गाडी सुरू होऊन वळून लांब जाईपर्यंत वडील दारात उभे होते. आत आले तेव्हा भिंतीला धरून बसले.

लग्न मोडलं. फलटणकडं काय काय बोललं गेलं ते मला ठाऊक नाही. सांगलीत मात्र मी नवऱ्या पळवते असं काही दिवस लोक म्हणायचे. ठरलेल्या दोन-तीन घरांनी मला बदललं. फोटोवाल्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे फोन करून विचारलं, "पाय कसाय तिचा?" आणि मग सांगितलं की त्यानं सगळे फोटो पुसून टाकले. त्याचंही त्या मंडळींतलं काम सुटलं. मुलगी आता साताऱ्यात नोकरी करते, एका मैत्रिणीबरोबर खोली करून राहते. थंडीत पाय दुखतो म्हणते. संक्रांतीला न चुकता फोन येतो तिचा.

हे सगळं इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या लगीनसराईत मिरजेकडच्या एका मुलीचा मला फोन आला. गोड बोलणारी, हसरी. कपड्यांचे रंग जुळवायला म्हणून तिनं साखरपुड्याचा फोटो पाठवला. शेजारी तोच उभा होता.

मी बराच वेळ फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभी होते. माझ्या नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "सांगितलंस तर म्हणतील सूड घेती. नाही सांगितलंस तर तुला झोप येणार नाही." मी तिला फोन केला आणि पाहिलं-ऐकलं तेवढं सांगितलं, वाढवून काही नाही. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तुम्ही स्वतः ऐकलंत, ताई?"

"मी तिथं बसले होते."

"बरं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी निरोप आला, की त्यांनी दुसरी बाई ठरवली आहे. पुढं कुणाच्या तरी स्टेटसवर त्या दोघांच्या लग्नाचे फोटो दिसले. नटवलं छान होतं तिला.

ह्या पावसाळ्यात एकदा दुपारी त्या मिरजेकडच्या मुलीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं कुणी बोलत नव्हतं. भांडी घासल्याचा आवाज येत होता आणि मागं टीव्ही. मी म्हणाले, "मी ऐकतेय. सांगलीतच असते मी. केव्हाही फोन करा, रात्री-अपरात्री सुद्धा." नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. मग फोन ठेवला गेला. परत लावायचं मी टाळलं, कारण फोन कुणाच्या खिशात असेल ते मला कसं कळणार? तेव्हापासून रात्री मी माझा फोन बंद करत नाही, आणि उशाशी घेऊन झोपते.